चिकट्याची पकड

मापबाई हे काही तिचं नाव नव्हे, पण खरं नाव विचाराल तर व्यायामशाळेचा पहारेकरीसुद्धा डोकं खाजवत बसेल. अठ्ठावीस वर्षं एकाच खोलीत बसून लोकांच्या हातापायांची ताकद मोजली की बाईचं दुसरं काय होणार? कॉलेजच्या व्यायामशाळेमागे, कपडे बदलायच्या खोल्या ओलांडल्या की उजव्या हाताला तिची खोली. एक टेबल, ठरलेल्या उंचीचं एक स्टूल, एक वजनकाटा, आणि टेबलामागे ती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांचा घट्ट अंबाडा, आणि चेहरा असा की आत येणारा न सांगताच टोपी काढायचा.

तोंडाने फटकळ. कुणी पाच मिनिटं उशिरा आला तर त्याची अशी हजेरी घ्यायची की पुढच्या वेळी तो दहा मिनिटं आधी येऊन दाराबाहेर उभा. पण मोजायला बसली की वेगळीच बाई. पकड मोजायचं यंत्र म्हणजे एक लोखंडी मूठ. ती हातात धरायची, कोपर अंगाशी काटकोनात ठेवायचं आणि जीव खाऊन दाबायचं. काटा बाईच्या बाजूला. ती प्रत्येकाला तेच म्हणायची, "दाब, दाब, दाब, सोड." आवाज तोच, चढ नाही की उतार नाही. एकाला मायेने म्हटलं आणि दुसऱ्याला कोरडं, तर पहिला दोन किलो जास्त दाबतो, हे तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. सख्खा भाचा मोजायला आला तेव्हाही आवाज तसाच. भाच्याची आई, म्हणजे तिची थोरली बहीण ताई, तिच्याच घरात राहते. ती त्यावरून आठवडाभर फुरंगटली होती. "जरा दम देऊन म्हणाली असतीस तर पोराचा नंबर लागला असता!" बाई म्हणाली, "मग तो नंबर माझा झाला असता, त्याचा नाही."

अशी बाई. तिच्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर मी एवढा जीव जाळून सांगत बसलो नसतो.

झालं असं की मोठ्या सरांनी, म्हणजे त्या विभागाच्या प्रमुखांनी, एक अभ्यास काढला. आंबट काळ्या चेरी सुकवून केलेली भुकटी. तिच्या त्या जांभळ्या रंगात दमलेल्या स्नायूंची सूज उतरवणारं काहीतरी असतं, आणि ती घेणाऱ्याची पकड लवकर पूर्ववत होते, असं सरांना सिद्ध करायचं होतं. पकडीवर ज्यांचा जीव असतो अशी माणसं कोण, तर दगड चढणारी. असे चोवीस जण गोळा केले. सकाळ-संध्याकाळ एक पुडी पाण्यात ढवळून घ्यायची, आठ आठवडे. निम्म्यांना खरी भुकटी, निम्म्यांना नुसता रंग, साखर आणि आंबटपणा. कुणाला काय मिळतंय ते सरांच्या कपाटातल्या बंद पाकिटात. चढणाऱ्यांना ठाऊक नाही, मापबाईलाही नाही.

दगड चढणारी माणसं म्हणजे एक वेगळीच जमात बघा. बोटांची कातडी फाटलेली, नखांत घाम टिपायला लावतात त्या खडूची पूड, आणि बसल्या जागी दाराच्या चौकटीला लोंबकळायची खोड. दर मंगळवारी ती रांगेने यायची आणि बाहेरच्या बाकावर बसून एकमेकांना जांभळ्या जिभा काढून दाखवायची. "तुझी जास्त जांभळी, तुला खरी मिळालीय!" "छे, मला परवा साधे दोन जिने चढवले नाहीत, माझी साखरच." आत आली की प्रत्येकाचा एकच धोशा, बाई, किती भरलं? बाई ताकास तूर लागू देत नसे. सरांचा नियमच होता तसा. आकडा कळला की माणूस आकड्यासाठी दाबतो आणि मग अभ्यासाची वाट लागते. "आकडा कागदाला सांगते, तुला नाही. पुढचा!" झालं, विषय संपला.

त्या चोवीसांत एक चिकट्या. पैशाला चिकट म्हणून नव्हे, भिंतीला चिकटतो म्हणून. वय एकोणचाळीस. शहरातल्या चढाईच्या हॉलमध्ये शिकवायचा आणि भिंतीवरचे धरायचे तुकडे पान्याने बसवून नवनवे मार्ग लावायचा. हाडकुळा, मोठ्या कानांचा, आणि अखंड बडबड्या. पहिल्या मंगळवारी उजव्या हाताचे अठ्ठावन्न किलो भरले, चोवीसांत सगळ्यांत जास्त. मग बोटांच्या पेरांवर लोंबकळायची परीक्षा. भिंतीत ठोकलेल्या लाकडी पट्टीला धरून लटकायचं, बोटं सुटेपर्यंत. चिकट्या लटकल्या लटकल्या बाईला विनोद सांगत होता. बाई हसली नाही, पण घड्याळाचं बटण दाबताना तिने ओठ आवळून धरले होते.

ती पट्टी चिकट्याच्या बायकोने केलेली. बायको धंद्याने सुतार. खिडक्या, कपाटं आणि हॉलसाठी लाकडी तुकडे करायची. सगळे तिला सुतारबाई म्हणायचे. पट्टी बसवायला आली तेव्हा मापबाईने तिला कड गोल झालीय म्हणून तीनदा पुन्हा रंधा मारायला लावला. दुसरी असती तर रंधा टाकून गेली असती. ही तीनदा हसतहसत बसली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, "बाई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक रोज मिळालं तर मी उपाशी मरेन, पण काम काय होईल!" मापबाईला आवडणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्या दिवशी त्यांत एकाची भर पडली.

नवरा-बायको रविवारी शहराबाहेरच्या कड्यावर जायची. एकाने चढायचं आणि दुसऱ्याने खाली उभं राहून दोर सांभाळायचा. वरचा घसरला की खालच्याने मूठ आवळून दोर जागच्या जागी धरायचा. आता आपोआप अडणारी यंत्रं निघालीत, पण चिकट्याकडे दोर ओवायचं जुन्या पद्धतीचं साधं लोखंडी कडंच होतं, आणि त्यात खालच्या माणसाची मूठ हीच काय ती खरी.

दुसऱ्या मंगळवारी सत्तावन्न. ठीक आहे, एखादा किलो इकडेतिकडे व्हायचाच. तिसऱ्या मंगळवारी त्रेपन्न. बाईने यंत्र तपासलं, दहा किलोचं वजन टांगून पाहिलं. यंत्र बरोबर होतं. चौथ्या मंगळवारी अठ्ठेचाळीस, आणि तेही तिसऱ्या खेपेला.

त्या दिवशी चिकट्या विनोद सांगत नव्हता. पट्टीवरून पहिल्यापेक्षा निम्म्या वेळात सुटला. सुटला तो मुकाट्याने स्टुलावर येऊन बसला आणि उजवा हात डाव्या हाताने कुरवाळत राहिला. बाईने पाहिलं. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला गोळा असतो ना, मांसाचा, तो बसला होता. तिथे खळगा पडला होता. आणि कोपराखाली कातडीच्या आत काहीतरी बारीक बारीक उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. बाई डॉक्टर नव्हती. पण अठ्ठावीस वर्षं हातच बघितलेले. हा दमलेल्या माणसाचा हात नाही एवढं तिला कळलं.

"बाई," चिकट्या म्हणाला, "एक विचारू? आकडा नका सांगू. फक्त वाढलंय की कमी झालंय तेवढं सांगा."

"नियम माहीत आहे ना?"

"आहे हो. पण परवा पाना हातातून निसटला. दोनदा. शिशीचं झाकण उघडेना, ते बायकोने उघडलं. मला म्हणाली, जोर कुठे गेला तुझा? मी म्हटलं, भुकटीत गेला." तो हसायला गेला, पण हसू काही जमलं नाही. "रात्रंदिवस तेच डोक्यात. आमच्या धंद्यात हात गेला की माणूस गेला. खरं सांगू का, मला भीती वाटते."

एवढा वाजत-गाजत येणारा माणूस, आणि तोंड एवढंसं झालं होतं.

इथे तिचं चुकलं, आणि ते कसं चुकलं तेही ऐका, कारण अशी चूक मापं घेणाराच करू जाणे. तिच्या मनाने त्या दोन क्षणांत हिशेब मांडला तो असा: नियमाने खरा आकडा सांगायला बंदी आहे. खोटा सांगायला कुठे आहे? कागदावर तर मी खरंच लिहिणार. कागद स्वच्छ, अभ्यास स्वच्छ. याला बहुतेक साखरेची पुडी मिळतेय आणि हा उगाच हाय खातोय. चार आठवडे धीर मिळाला तर काय बिघडलं?

"वाढलंय," ती म्हणाली.

"खरं?"

"मी कधी कुणाला सांगते का? सांगितलं ना एकदा, वाढलंय. ऊठ आता, पुढचा खोळंबलाय."

चिकट्याचा जीव भांड्यात पडला. उठला काय, तिच्या पाया पडायला वाकला काय! "म्हणजे मला खरी भुकटी मिळालीय! अंग दुखतंय ते जोर येतोय म्हणून दुखतंय!" दाराबाहेर जाऊन त्याने सगळ्यांना जांभळी जीभ दाखवली. बाईने कागद ओढला आणि उजव्या रकान्यात अठ्ठेचाळीस लिहिले, स्पष्ट, वळणदार.

तसं तिने मोठ्या सरांना सांगितलं, नाही असं नाही. "एका माणसाचा आकडा घसरतोय सर, दहा किलोंनी. हात मला बरा दिसत नाही." सर कुठल्याशा परिषदेला निघाले होते. "दुखापत लपवत असेल. लिहून ठेवा. आपण मध्येच कुणाला काही बोललो तर सगळंच मुसळ केरात. आठव्या आठवड्यानंतर बघू." बरं, असं म्हणून सर गेले, आणि बाईलाही बरं वाटलं. सांगायचं त्याला सांगून झालं ना, मग सुटलो आपण, असं माणसाला वाटतं. भारी सोयीचं असतं ते.

पाचवा मंगळवार. चिकट्या शीळ घालत आत आला. दाबलं, चव्वेचाळीस. पुन्हा दाबलं, त्रेचाळीस. खळगा अजून खोल. पण तोंडाची टकळी चालू.

"बाई, तुम्ही माझा केवढा ताप वाचवलात ठाऊक आहे? सुतारबाई हात धुऊन मागे लागली होती. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरकडे नंबर लावला होता तिने माझा. आणि तोवर माझा दोर तू धरायचा नाहीस म्हणाली, हातात जोर नाही तुझ्या. मला! वीस वर्षं दोर धरतोय मी." त्याने मूठ वळून हवेत नाचवली. "मी म्हटलं, मापबाई स्वतः म्हणाल्या, वाढलंय. मग गप्प झाली. डॉक्टर रद्द. या रविवारी कड्यावर जातोय, तिला तो उजवीकडचा अवघड मार्ग करायचाय कधीचा. परवापासून नाचतेय नुसती."

बाईच्या हातातली पेन्सिल थांबली.

आता, आता बोलायला हवं होतं. माझं ऐक, मी खोटं बोलले, जा आधी डॉक्टरकडे. एवढी तीन वाक्यं. तोंडापर्यंत आली होती. पण अठ्ठावीस वर्षांत जिच्या तोंडून एक खोटा शब्द गेला नाही तिला, मी खोटं बोलले, हे म्हणायची सवय कुठून असणार? ताईला खोटं बोलायची सवय आहे, ती दिवसातून तीनदा हसून कबूलही करते. हिला जमेना. आणि मग नियम आठवला, मग सर आठवले, मग वाटलं, चव्वेचाळीस किलो म्हणजे काही थोडे नव्हेत, साध्या माणसाला तेवढेच असतात. तेवढ्यात पुढच्याने दारावर टकटक केलं.

"जपून रे," ती म्हणाली.

"आम्ही जपूनच असतो बाई." आणि गेला.

सोमवारी सकाळी ती खोली उघडत होती तेव्हा पहारेकऱ्याने सांगितलं. रविवारी दुपारी, कड्यावर. सुतारबाई बरीच वर होती, अवघड वळणापाशी. घसरली. नेहमीसारखी घसरली, ही माणसं दिवसातून दहादा घसरतात. खाली चिकट्या होता. पण दोर अडला नाही, सरसर सुटत गेला, आणि ती खालच्या खडकावर आली. शेजारच्या मार्गावर दोघे जण होते, ते धावले. जागच्या जागी गेली होती. चिकट्याच्या तळहाताची सालटी दोराने निघाली होती आणि तो तिच्याशेजारी बसून तिला ऊठ, ऊठ म्हणत होता.

मापबाईने कुलूप उघडलं, आत गेली आणि खुर्चीत बसली. भिंतीतली पट्टी समोरच. बाहेर कुणी पोहणारा मोजायला आला होता, तो अर्धा तास थांबून निघून गेला. ती अंत्ययात्रेला गेली नाही. ताप आहे म्हणून सांगितलं. म्हणजे बघा, आता तेही जमायला लागलं होतं.

आठ आठवडे संपले, सरांनी पाकीट फोडलं. चिकट्याला खरी भुकटी मिळत होती. सरांनी कागदावर बोट ठेवलं. "हा मधेच सुटला, याचे आकडे काढून टाका. याच्या एकट्यामुळे सगळी सरासरी खाली येतेय." बाईने काढले. उरलेल्यांची सरासरी थोडी चढली, आणि भुकटीचा थोडासा फायदा दिसतो, असं सरांनी लिहिलं. नियमात बसत होतं सगळं. बाई संध्याकाळी घरी आली ती चप्पलही न काढता पलंगावर बसली.

ताई म्हणाली, "काय गं, तोंड का असं? महिनाभर बघतेय, धड जेवत नाहीस."

मग बाईने सांगितलं. सगळं, पहिल्यापासून. ताई एरवी मधे मधे तोंड घालणारी, पण त्या दिवशी हूं की चूं नाही. शेवटी म्हणाली, "त्याला माहीत आहे?"

"कसं माहीत असेल? परवा त्याच्या हॉलमधला एक जण आला होता. म्हणाला, तो कुणाला भेटत नाही. एकच सांगत असतो, माझं लक्ष नव्हतं. हात धड होता माझा, मग दोर सुटलाच कसा? म्हणजे मीच कुठेतरी बघत होतो. आता तर त्याला आठवतंयसुद्धा, म्हणे बुटाच्या नाडीकडे बघत होतो. शेजारचे दोघे शपथेवर सांगताहेत की तो वरच बघत होता. त्याला पटत नाही."

ताईने तिच्या पायांतल्या चपलांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे बायकोला आपण मारलं असं घेऊन तो माणूस बसलाय, आणि तू चप्पल घालून माझ्यापुढे बसलीयस."

"ताई, मी सांगितलं तर त्याला दोन गोष्टी कळतील. मी खोटं बोलले ते, आणि त्याच्या हातात काहीतरी वाईट दुखणं शिरलंय तेही."

"कळू दे. त्याचा हात आहे तो, तुझा नाही. आणि सांगायला कागद पाठवू नकोस, स्वतः जा. आणि क्षमा मागायला जाऊ नकोस हं, सांगायचं ते सांग नि ये. तुला बरं वाटावं म्हणून नाही जायचं."

ताईला अक्कल नाही असं मापबाई जन्मभर समजत आली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर दोन खोल्या. दार सुतारबाईच्या आईने उघडलं. डोळे सुजलेले, अंगावर घरातलाच झगा. कॉलेजमधून आले म्हटल्यावर तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं, ही आत गेल्यावर मागून दार लोटून घेतलं आणि आपण स्वयंपाकघरात गेली. भिंतीला लाकडाच्या फळ्या उभ्या करून ठेवलेल्या होत्या, खिडकीखाली अर्धवट राहिलेलं एक लहान कपाट. चिकट्या पलंगाच्या कडेला बसलेला. दाढी वाढलेली. शर्टाची वरची तीन बटणं उघडी होती. शोक म्हणून नव्हे, लावता येत नव्हती म्हणून. बाईच्या ते लगेच लक्षात आलं. उजवा हात मांडीवर पडलेला, बोटं थोडी आत वळलेली, आणि खळगा आता दुसऱ्या हातालाही.

"बाई, तुम्ही?" तो उठायला लागला. "पुड्या परत द्यायच्या राहिल्या का? उरल्यात अजून."

"पुड्या मरोत. बस तू." ती स्वतः उभीच राहिली. "मी सांगायला आलेय ते ऐकून घे, मधे बोलू नकोस. पहिल्या मंगळवारी तुझ्या उजव्या हाताचे अठ्ठावन्न किलो भरले होते. दुसऱ्याला सत्तावन्न. मग त्रेपन्न, अठ्ठेचाळीस, आणि कड्यावर गेलास त्या आठवड्यात चव्वेचाळीस. तुला वाढलंय म्हटलं ते खोटं होतं. तेव्हाही कमीच झालं होतं आणि पुढच्या मंगळवारीही. तुझ्या हातात काहीतरी शिरलंय, ते मला तेव्हाच दिसलं होतं, आणि मी बोलले नाही. तुझं लक्ष होतं. तू वरच बघत होतास. दोर सुटला तो हातामुळे. तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे."

चिकट्या तिच्याकडे बघत राहिला. स्वयंपाकघरातला आवाज बंद झाला होता. म्हातारी ऐकत होती की काय कोण जाणे.

"म्हणजे मी नाडीकडे बघत नव्हतो?"

"नाही."

"मी दाबलं होतं?"

"दाबलंच असणार. जेवढा होता तेवढा जोर लावला असशील."

त्याने आपला हात उचलून डोळ्यांसमोर धरला, उलटा केला, सुलटा केला. एक क्षण त्याचा चेहरा असा सैल झाला की बाईला वाटलं आता हा रडेल आणि मोकळा होईल. पण रडला नाही. काहीतरी आठवत गेलं त्याला, एकेक करून, आणि चेहरा पुन्हा आवळत गेला.

"ती तयार नव्हती," तो म्हणाला. आवाज अगदी साधा. "आधी अजिबात तयार नव्हती. म्हणत होती, आधी हात दाखव, मग जाऊ, कडा कुठे पळून जातोय. मी म्हटलं, अगं, डॉक्टर काय मोठा लागून गेला? मापबाई आहेत. जग इकडचं तिकडे होईल, पण ती बाई खोटं बोलायची नाही." तो थांबला. "तेव्हा ती हसली आणि म्हणाली, हो, ते मात्र खरं. तीनदा रंधा मारायला लावला होता मला तिने. आणि त्याच दिवसापासून पिशवी भरायला लागली."

मापबाईने दारापाशी ठेवलेल्या फळ्यांना हात टेकला. क्षमा मागायची नाही असं ताईने सांगितलं होतं.

"जा तुम्ही," चिकट्या म्हणाला. मग मोठ्याने, "जा! निघा माझ्या घरातून!" तो उठला, तिच्या अंगावरून दारापाशी गेला आणि दार उघडायला त्याने गोल मूठ उजव्या हातात धरली. मूठ फिरेना. बोटं तिच्यावरून घसरली. त्याने पुन्हा धरली, दात आवळले, खांद्यापासून जोर लावला, मानेच्या शिरा फुगल्या. मग डावा हात उजव्यावर ठेवून दोन्ही हातांनी पाहिलं. पितळेची मूठ जागची हलली नाही. तो तसाच उभा राहिला, दाराला कपाळ टेकवून, हात मुठीवर.

बाई पुढे आली. मग तिने त्याचे हात हळूच बाजूला केले, मूठ फिरवली, दार उघडलं आणि बाहेर पडली.